सुईवरचं टोपण

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. सोळा वर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे तिला सगळे ब्रेकबाई म्हणायचे. तोंडाला मात्र तिच्या तसली काही सोय नव्हती. कुणी वळणावर आरशात न बघता गाडी घातली, की ती शांतपणे विचारायची, मान कशासाठी दिली आहे, नुसतं डोकं ठेवायला का. शिकणारे वचकून असत, पण पास होत, आणि मग आपल्या नणंदा, मेव्हणे, साडू सगळ्यांना तिच्याकडेच पाठवत.

ही ब्रेकबाई जन्माला आली ती हृदयात चार खोड्या घेऊन. आतल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, आणि उरलेल्या दोन कुठल्या ते आईच्या कधी नीट लक्षात राहिलं नाही. ती नातेवाइकांना "एकूण चार" एवढंच सांगायची. दोन वर्षांची असताना पहिलं ऑपरेशन झालं, एकोणिसाव्या वर्षी दुसरं, त्यात एक झडप बदलली. छातीच्या मधोमध वरून खाली सरळ व्रण होता. त्याला ती दुभाजक म्हणायची. आता चाळिशीला दोन वर्षं कमी होती. जिना चढताना ती मध्येच थोडी थांबायची, आणि ते बघून कुणी "बसा, बसा" म्हणत खुर्ची पुढे केली की तिचं डोकं फिरायचं.

डोकं फिरायला कारण होतं. लहानपणी तिच्या अंगात सुया, नळ्या, तारा काय काय गेलं, पण आत जाण्याआधी तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचे आईला, आई डोळे पुसत सही करायची, आणि खुपसलं जायचं हिला. दुसऱ्या ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्या आल्या तिने ठरवून टाकलं, की यापुढे आपल्याला विचारल्याशिवाय कुणी काही खुपसणार नाही, आणि विचारलं तर आपण नाही म्हणणार.

तपासण्या ती करून घ्यायची, गोळ्याही वेळेवर घ्यायची. तपासणीसाठी रक्त द्यायलाही तिची हरकत नसे, कारण ते बाहेर यायचं, आत काही जायचं नाही. फ्लूची लस मात्र नाही म्हणजे नाही. थंडी सुरू व्हायच्या आधी हृदयाच्या दवाखान्यातून दरवर्षी पत्र यायचं आणि त्यात तिची गणना "अतिजोखमीच्या गटात" केलेली असायची. रोज आठ तास शिकाऊ माणसांच्या शेजारी बसणाऱ्या बाईला जोखीम काय असते ते पत्र पाठवून कळवायची गरज नाही, असं तिचं म्हणणं. तसं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलेलं सगळं तिला पाठ होतं. धडधाकट माणसाला फ्लू झाला तर तो आठवडाभर कण्हतो आणि उठतो. दुरुस्त केलेल्या हृदयाला तोच ताप, तोच दम झेपेलच असं नाही. ठोके बिघडतात, माणसाला थेट भरती करावं लागतं. आणि विषाणू दरवर्षी रूप बदलतो, म्हणून लसही दरवर्षी. हे सगळं ती डॉक्टरीणबाईंच्या आवाजात अगदी हुबेहूब म्हणून दाखवायची. सगळा घोळ तिथूनच झाला.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंना दवाखान्यात लावायला एक पोस्टर हवं होतं आणि त्यावर आजारी न दिसणारा चेहरा हवा होता. त्यांनी ब्रेकबाईला विचारलं. ती नाहीच म्हणणार होती, पण गोष्ट ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाच्या कानावर गेली. फोटोत स्कूलच्या नावाचा टीशर्ट दिसेल म्हणून तो हात धुऊन मागे लागला. शिवाय फोटोग्राफर म्हणाला, बाईंचा फोटो छान येईल. हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. तोवर तिचे चांगले आलेले फोटो म्हणजे एक्सरे.

फोटोच्या दिवशी सिस्टरांनी इंजेक्शन दंडाला लावून धरलं. फोटोग्राफर चाळीस वेळा "जरा इकडे, जरा हसा" करणार हे दिसतच होतं, म्हणून त्यांनी सुईवरचं टोपण काढलंच नाही. मग दंडावर कापूस आणि चिकटपट्टी लावून, अंगठा वर करून आणखी एक फोटो झाला. सगळं आटोपल्यावर सिस्टर म्हणाल्या, चल, आता पलीकडच्या खोलीत खरी घेऊ. अकरा वाजता कुणाची तरी शिकवणी होती. संध्याकाळी येते, असं सांगून ती गेली, आणि ती संध्याकाळ चार वर्षांत आली नाही.

पोस्टर मात्र आठवड्यात लागलं. "मला जन्मजात हृदयविकार आहे. मी फ्लूची लस घेतली. तुम्ही?" असा त्यावर मजकूर, आणि ब्रेकबाई दात दाखवून हसतेय. पहिल्या वर्षी तिला पोस्टरसमोरून जाताना जरा चोरट्यासारखं व्हायचं. दुसऱ्या वर्षी सवय झाली. दवाखान्यातून फोन आला की ती सांगायची, आमच्या स्कूलमध्ये शिबिर होतं, तिथेच घेतली. पोस्टरवरच्या बाईवर कोण संशय घेणार. लोक रस्त्यात ओळखायचे, दुकानाच्या रांगेत विचारायचे, दुखतं का हो. मुंगी चावल्यासारखं वाटतं, असं ती सांगायची. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या मुंगीला रंगही आला होता. लाल नाही, काळी. काळी जरा सौम्य चावते.

अशात तिच्याकडे कानामात्राकाका शिकायला आले. हे नाव अर्थात तिनेच ठेवलं. काकांनी चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती, म्हणजे पुस्तक छापून जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या. आता निवृत्त झाले तरी डोळे काही निवृत्त झाले नव्हते. "वाहने हळु चालवा" अशी पाटी दिसली की ते गाडी भरधाव ठेवून सांगायचे, बाई, त्यातला ळू दीर्घ हवा. ब्रेकबाई ब्रेक दाबायची आणि म्हणायची, काका, ऱ्हस्व-दीर्घ राहू द्या, समोरची म्हातारी वाचली ते बघा.

बासष्टाव्या वर्षी गाडी शिकायची वेळ आली ती काकूंमुळे. तीस वर्षं घरची गाडी काकूंनी चालवली होती, आता त्यांची नजर अधू झाली होती. काकांचीही एक भानगड होती. त्यांच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक होतं आणि ते अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि स्वतःच्या छातीतली सापडली नाही, याचा त्यांना भोकापेक्षा जास्त त्रास व्हायचा.

तिसऱ्या दिवशी सिग्नलला गाडी थांबली असताना त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि पोस्टरवरच्या त्या तुम्हीच का, असं विचारलं. ती हो म्हणाली. काका एकदम हळवे झाले. आपल्याला सुईची भयंकर भीती वाटते, बायको चार वर्षं मागे लागली आहे, पण तुमचा तो हसरा चेहरा बघून पहिल्यांदाच वाटलं की जमेल, पुढच्या मंगळवारची वेळही घेतली आहे, असं त्यांनी सांगितलं. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. ब्रेकबाईने मुंगीची हकिकत सांगितली, आणि त्यांना गाडी पुढे घ्यायला लावली.

मंगळवार गेला. बुधवारी काका आले ते तोंड पाडून. त्यांनी एकही पाटी वाचली नाही. ब्रेकबाईला वाटलं, दंड दुखत असेल. गाडी मागे घेऊन दोन खांबांच्या मधोमध लावायचा सराव चालू होता. काकांनी ती बरोबर लावली, इंजिन बंद केलं आणि समोर बघत म्हणाले, "बाई, तुमच्या फोटोतल्या सुईला टोपण आहे."

ब्रेकबाईने हँडब्रेक ओढलेला आहे का ते पाहिलं. तो ओढलेलाच होता.

झालं होतं असं, की मंगळवारी दवाखान्यात गर्दी होती आणि काकांना तासभर पोस्टरसमोर बसावं लागलं. पहिल्या दहा मिनिटांत त्यांना "हृदयविकार" चुकीचा छापलेला दिसला. ह ला ऋकार द्यायचा तिथे कुणीतरी र जोडून दिला होता. हृदयाच्या दवाखान्यात हृदयच चुकलेलं. एक चूक दिसली की काका तिथे थांबत नसत, त्यांनी पोस्टर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासायला घेतलं, अक्षरं संपल्यावर चित्र घेतलं, आणि चाळिसाव्या मिनिटाला त्यांना ते नारिंगी टोपण दिसलं. ते तडक सिस्टरांकडे गेले आणि या बाईंनी खरंच लस घेतली का, असं विचारलं. एका पेशंटची माहिती दुसऱ्याला देत नाही, असं सिस्टर म्हणाल्या.

"आणि मग त्यांनी छताकडे पाहिलं," काका म्हणाले. "मी आपला घरी आलो."

"म्हणजे घेतली नाहीत?"

"एका पानावर अशी चूक सापडली, की अख्खं पुस्तक परत वाचावं लागतं. सवय आहे मला."

ब्रेकबाई उखडली. लस काय माझ्या फोटोतून टोचतात का, मी नाही घेतली म्हणून तुम्ही का घ्यायची नाही, शिकलेसवरलेले आहात, मी उद्या विहिरीत उडी मारली तर काय माझ्या मागे येणार का, असं बरंच काही ती बोलली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग तुम्ही का नाही घेतली. यावर ती म्हणाली, वेळ संपली, गाडी स्कूलकडे घ्या. वेळ अजून वीस मिनिटं होती.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. त्या चिडलेल्या नव्हत्या, पण चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, आमचं हे माणूस तुमच्या फोटोमुळे तयार झालं होतं. आता म्हणतात, छापलेलं सगळंच खोटं असतं. छापलेल्यावरून यांचा विश्वास उडाला तर घरात आम्हाला बोलायला विषय कुठून आणायचा. आणि हो, नातू परवापासून शाळेतून खोकत येतोय.

ब्रेकबाईने फोन ठेवला. आई टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. चार वर्षं ती आईलाही खोटंच सांगत आली होती. आई दरवर्षी स्वतःची लस घेऊन यायची, घरात हिला आपल्यामुळे काही व्हायला नको म्हणून, आणि हिला विचारायची, तुझी झाली ना. झाली, असं ही सांगायची. आज ती समोर बसली, एक शेंग उचलली आणि म्हणाली, "आई, मी ती लस कधी घेतलीच नाही."

आईचे हात थांबले नाहीत. "ठाऊक आहे मला."

"कशावरून?"

"लस घेतली की दुसऱ्या दिवशी माझा हात वर होत नाही. तू त्याच हाताने वरच्या दोरीवर चादरी वाळत घालायचीस."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

आईने सोललेले दाणे वाटीत टाकले. म्हणाली, लहानपणी तुझ्यासाठी सगळं मीच ठरवलं, तू नको नको म्हणायचीस तरी तुला धरून ठेवायची मी. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आता हे एक तरी तुझं तू ठरवावंस असं वाटलं. तुझी मी दरवर्षी वाट बघत होते.

"आणि मध्येच फ्लू होऊन मेले असते तर?"

"तर जीव घेतला असता तुझा," आई म्हणाली आणि शेंगांची टोपली तिच्याकडे सरकवली. निम्म्या तिने सोलल्या. सोलताना ब्रेकबाईला दोनदा नाक पुसावं लागलं, आणि आईने ते पाहिलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात पहिली हजर. सिस्टरांनी तिला बघून भुवया उंचावल्या. चौकशी नाही, टोमणा नाही, नुसती तिची फाइल काढली. फाइलमध्ये लसीच्या रकान्यात चार वर्षांच्या चार ओळी कोऱ्या होत्या. शिबिराची थाप सिस्टरांनी फोनवर ऐकून घेतली होती, पण लिहिली नव्हती. आजवर एक शब्द का बोलला नाहीत, असं ब्रेकबाईने विचारलं. त्या म्हणाल्या, अगं, फोन करत होते की दरवर्षी, आणखी काय, तुझ्या गाडीपुढे आडवी पडू का.

मग त्यांनी बाही वर करायला सांगितली, टोपण काढून तिच्या डोळ्यांसमोर धरलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. दंड पुसला. आणि सुई हातात धरून थांबल्या.

"टोचू?" त्यांनी विचारलं.

सिस्टर प्रत्येकालाच असं विचारत असतील. पण ब्रेकबाईला उत्तर द्यायला चांगलं अर्धं मिनिट लागलं, आणि तोवर सिस्टर तशाच उभ्या राहिल्या, घड्याळाकडेही न बघता.

"टोचा," ती म्हणाली.

मुंगी चावल्यासारखं वाटलं. चार वर्षं आपण खरंच सांगत होतो हे कळून तिला हसू फुटलं, आणि सिस्टर म्हणाल्या, हलू नकोस, बाई.

तिथून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि सगळं कबूल केलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. बोलणी खावी लागणार म्हणून ती तयारीत होती, पण त्या म्हणाल्या, मी तुला फोटो देशील का एवढंच विचारलं, लस घ्यायची आहे का हे विचारायला विसरले, तू पाठ म्हणून दाखवायचीस म्हणून मला वाटलं पटलंय. मग उठून बाहेर गेल्या आणि पोस्टर स्वतःच्या हाताने काढलं. ब्रेकबाईने त्यांना हृदयाची चूक सांगितली. चार वर्षं रोज बघतेय मी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मला ते बरोबरच वाटत होतं. त्या पुढे म्हणाल्या, की पोस्टर बघून ज्यांनी लस घेतली त्यांची लस काही खोटी नव्हती, तेवढं डोक्यात राहू दे, आणि आता जा, बाहेर लोक खोळंबले आहेत.

दुपारी शिकवण्या आटोपून ती काकांच्या घरी धडकली. दार काकूंनी उघडलं. काका आतल्या खोलीत वर्तमानपत्रावर लाल पेनाने खुणा करत बसले होते. ब्रेकबाईने बाही वर केली आणि दंडावरची चिकटपट्टी दाखवली.

काकांनी चष्मा पुसला, पट्टी जवळून पाहिली. "ही फोटोतही होती," ते म्हणाले.

तिने कार्ड काढून दिलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, तारीख, लसीचा क्रमांक, सिस्टरांची सही. कार्डावर तिची जन्मतारीख एका दिवसाने चुकली होती. ती त्यांनी दाखवून दिली आणि कार्ड परत केलं, ते काही फार खूश होऊन नाही. मग बहुधा स्वतःच्याही नकळत त्यांनी बोट पुढे केलं आणि पट्टीच्या वर जोरात दाबलं.

ब्रेकबाईच्या तोंडून जी शिवी निघाली ती तिने सोळा वर्षांत भर चौकातही कुणाला दिली नव्हती. तीत काकांचे सात पिढ्यांचे पूर्वज आणि एक गाढव होतं. स्वयंपाकघरातून काकूंचा हसण्याचा आवाज आला. काका मात्र गंभीरपणे मान हलवत होते.

"हे खरं आहे," ते म्हणाले.

शुक्रवारी ते स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेले, शेजारी ब्रेकबाई. आपल्याला चक्कर येईल, आपण खुर्चीतून पडू, अशी त्यांची खात्रीच होती. ब्रेकबाई म्हणाली, पडा खुशाल, दवाखान्यातच आहोत. त्यांनी सिस्टरांना टोपण काढलेलं दाखवायला लावलं, दोनदा. मग डोळे घट्ट मिटून घेतले आणि ब्रेकबाईचा हात धरला, नेमका दुखणाऱ्या बाजूचा. सिस्टरांचं टोचून, कापूस लावून, पट्टी चिकटवून झालं तरी ते डोळे मिटूनच बसले होते. झालं, असं सांगितल्यावर म्हणाले, मुंगी म्हणाला होतात, मला तर काहीच कळलं नाही. यातही त्यांना चूक सापडलीच.

त्या थंडीत फ्लू सगळीकडे फिरला. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक आडवा झाला, दोघं शिकवणारे आडवे झाले, आणि ब्रेकबाई तिघांच्या वाट्याच्या शिकवण्या काचा खाली करून, मफलर गुंडाळून एकटी घेत होती. तिला मध्ये दोन दिवस सर्दी झाली तेव्हा तिने लसीला, सिस्टरांना आणि सगळ्या औषध कंपन्यांना मनसोक्त नावं ठेवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही साधी सर्दी आहे, फ्लूला बदनाम करू नकोस.

काकांना मात्र फ्लू झाला. नातवाने आणलाच शेवटी घरात. चार दिवस ताप, अंगदुखी. डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या, ठोके बरोबर होते, भरती करायची गरज पडली नाही. पाचव्या दिवशी ते उठून बसले आणि त्यांनी पहिला फोन ब्रेकबाईला केला. आवाज बसला होता, पण तक्रार शाबूत होती. लस घेऊनही फ्लू झाला, म्हणजे लसीत चूक आहे, असं त्यांचं म्हणणं.

तिने सांगितलं, की लस घेतली म्हणून होतच नाही असं कुणीच म्हणत नाही, पण घेतलेल्याचं सहसा घरातल्या घरात निभावतं. लस नसती तर कदाचित आज काकू दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या असत्या.

"हे मला लेखी मिळेल का?" काकांनी विचारलं.

"देते लिहून. पण शुद्धलेखन माझं असेल."

पलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली.

"मग तोंडीच राहू द्या," काका म्हणाले, आणि सोमवारच्या शिकवणीला किती वाजता यायचं ते विचारलं.